समुद्राचे पाणी खारट, मग जुलाब कशाने?

कुडाळ तालुक्यातील एका शिक्षक वाचकांचे पत्र आले आहे. सुटीत ते घरच्या मंडळींना घेऊन दोन दिवस गोव्यात कळंगुट-बागा येथे गेले होते. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाले आणि सोबत गेलेल्या बहिणीला लघवीची जळजळ. गुरुजींचे म्हणणे असे की, बाहेरचे पाणी कोणीच प्यायले नाही, बाटलीचेच घेतले. जेवणही चांगल्या ठिकाणी झाले. मुले दिवसभर समुद्रात होती हे खरे, पण समुद्राचे पाणी तर खारट, आणि मिठात जंतू टिकत नाहीत म्हणूनच आपण लोणचे घालतो. मग हे झाले कशाने?

प्रश्न मार्मिक आहे. आपल्या जिल्ह्यातून कळंगुटला जाणारी माणसे पुष्कळ, आणि आपल्याच किनाऱ्यावर आता पर्यटक उतरू लागले आहेत. म्हणून आजचा सबंध लेख या एका पत्राला देतो.

आधी मिठाचे पाहू. लोणच्यात शंभर भागांत साधारण पंधरा ते वीस भाग मीठ असते, समुद्राच्या पाण्यात साडेतीन. एवढ्या मिठाने आतड्यातले जंतू दुबळे होतात, पण तत्काळ मरत नाहीत. त्यांना खरे मारते ते ऊन. स्वच्छ, उथळ पाण्यात भर दुपारी काही तासांत त्यांची संख्या झपाट्याने घटते. मात्र पाणी गढूळ असेल, आभाळ भरलेले असेल किंवा रात्र असेल तर तेच जंतू पुष्कळ जास्त वेळ तग धरतात. ओल्या वाळूत तर त्यांना सावली, ओलावा आणि खाद्य तिन्ही मिळते. लाटेच्या कडेची वाळू तपासली तर पुष्कळदा पाण्याहून वाळूतच जास्त जंतू सापडतात. किल्ला बांधणारी मुले नेमकी तिथेच बसलेली असतात. शिवाय जुलाबाचे आणि काविळीचे विषाणू जंतूंपेक्षा चिवट. ते खाऱ्या पाण्यात कित्येक दिवस राहतात.

"बाहेरचे पाणी प्यायलो नाही" हे गुरुजींचे वाक्यही थोडे तपासून पाहू. अमेरिकेत पोहण्याच्या तलावावर झालेली एक पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. पाऊण तास पोहताना मोठ्या माणसांच्या पोटात सरासरी १६ मिलिलिटर पाणी गेले, मुलांच्या पोटात ३७. म्हणजे औषधाचे सात चमचे. समुद्रात लाटा तोंडावर येतात आणि मुले पाऊण तासावर थांबत नाहीत. तेव्हा मुलांनी बाहेरचे पाणी प्यायले होते, फक्त ते पेल्यातून प्यायले नव्हते.

आता या पाण्यात होते काय? प्रयोगशाळेत समुद्राचे पाणी तपासताना रोगाचा प्रत्येक जंतू शोधत बसत नाहीत. शोधतात ते माणसाच्या व उष्ण रक्ताच्या जनावरांच्या आतड्यात राहणारे नेहमीचे जंतू. त्यांना मलजन्य कोलिफॉर्म म्हणतात. ई. कोलाय हा त्यांतला प्रसिद्ध. यांतले बहुतेक स्वतः फारसा त्रास देत नाहीत. पण ते सापडले याचा अर्थ पाण्यात मैला मिसळला आहे, आणि मैल्याबरोबर विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे जंतू येण्याची वाट मोकळी आहे. ही चोराची पावले आहेत असे समजा. आपल्याकडे समुद्रस्नानाच्या पाण्यासाठी १०० मिलिलिटरमध्ये १०० मलजन्य कोलिफॉर्म ही मर्यादा घातलेली आहे.

ही मर्यादा ओलांडायला किती घाण लागते, याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. माणसाच्या एका ग्रॅम मळात ई. कोलाय कोटीच्या घरात असतात. कमीत कमी म्हणून एक कोटी धरू. हा एक ग्रॅम मळ मर्यादेच्या आत येण्याइतका पातळ करायचा तर दहा हजार लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात आपल्या गावात येतो तो पाण्याचा मोठा टँकर एका ग्रॅमला पुरा पडतो. आणि एका माणसाच्या दिवसाच्या दीडशे ग्रॅमला असे दीडशे टँकर.

समुद्र अथांग आहे हे खरे, पण सांडपाणी अथांग समुद्रात पडत नाही. ते पडते कडेच्या गुडघाभर पाण्यात, आणि पोहणारेही तिथेच असतात.

एके काळी डॉक्टर मंडळींनाही हे पटत नव्हते. इंग्लंडमध्ये १९५९ साली एका वैद्यकीय समितीने असा निर्वाळा दिला होता की, पाणी किळस येण्याइतके घाण नसेल तर समुद्रस्नानापासून आजाराचा धोका नगण्य. पुढे १९७० नंतरच्या काळात अमेरिकेत कॅबेली यांनी हजारो स्नान करणाऱ्यांच्या पाहण्या केल्या, आणि जंतूंची संख्या व पोटाचे विकार यांचा संबंध दाखवून दिला. तरी शंका उरलीच, कारण स्नानाला जाणारे आणि न जाणारे यांच्या खाण्यापिण्यात फरक असू शकतो. मग इंग्लंडमध्येच १९८९ ते १९९२ या काळात चार किनाऱ्यांवर एक प्रयोग झाला. बाराशेवर प्रौढ स्वयंसेवकांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला पाण्यात पाठवले, दुसऱ्याला किनाऱ्यावरच बसवले. पाणी दिसायला ठीक होते. तरी मलजन्य जंतू जसे वाढत गेले तसे पाण्यात गेलेल्यांत पोटाचे विकार वाढलेले आढळले. 'लॅन्सेट'मध्ये १९९४ साली हे निष्कर्ष आले आणि डोळ्यांनी पाहून पाणी स्वच्छ ठरवण्याचा काळ संपला.

किनाऱ्याच्या घाणीविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा बाटल्या, पिशव्या, नारळाची शहाळी यांविषयी बोलतो. ती घाण वाईट आहेच. फुटक्या काचेने पाय कापून घेतलेली माणसे हंगामात माझ्याकडे येतात, त्यांना धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे लागते. परंतु ही घाण दिसते, त्यामुळे कोणीतरी ती उचलतो. कळंगुट-बाग्याचेच उदाहरण घ्या. पहाटे माणसे लावून पुळण झाडली जाते. साळगाव येथे २०१६ साली कचरा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. सकाळी सात वाजता गेलात तर वाळू नीट दिसेल. गुरुजींच्या मुलांना आजारी पाडले ते या कचऱ्याने नव्हे. जी घाण दिसत नाही, तिचा बंदोबस्त झाडूने होत नाही.

ती येते कुठून ते समजायला त्या जागेची रचना ध्यानात घ्यावी लागेल. कांदोळीपासून बाग्यापर्यंत वाळूचा लांब पट्टा आहे. त्यामागे पूर्वी वाळूच्या टेकड्या होत्या, त्यांमागे माड, विहिरी, घरे आणि मग भातशेती. उत्तरेच्या टोकाला हडफड्याकडून येणारी बाग्याची खाडी समुद्राला मिळते. १९६०च्या दशकाअखेर हिप्पी आले तेव्हा हा मच्छीमारांचा आणि माडांचा गाव होता. १९८७ पासून परदेशातून थेट विमाने येऊ लागली आणि हॉटेलांची रांग लागली. २०११च्या जनगणनेत सबंध गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती, आणि २०२४ साली तिथे येऊन गेलेले पर्यटक एक कोटीच्या आसपास. त्यांतला मोठा हिस्सा या चार-पाच मैलांच्या पट्ट्यात उतरतो. वाळूच्या टेकड्या पुष्कळ ठिकाणी सपाट झाल्या. हॉटेले आधी आली आणि मलवाहिनी मागाहून. मधली कित्येक वर्षे सगळी भिस्त सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावर.

सेप्टिक टँकविषयी आपल्या लोकांत एक गैरसमज पक्का आहे. टाकी बांधली म्हणजे मैला नाहीसा झाला असे वाटते. वास्तविक टाकीचे काम एवढेच की जड गाळ खाली बसवायचा आणि त्याला कुजू द्यायचे. वरून वाहणारे पाणी दिसायला पातळ असते, पण त्यात जंतू लाखोंनी असतात. त्यांना गाळण्याचे खरे काम शोषखड्ड्याभोवतीची कोरडी माती करते. कोरडी हा शब्द महत्त्वाचा. खड्ड्याचा तळ आणि जमिनीतले पाणी यांमध्ये पाच-सहा फूट कोरडी माती असेल तर बहुतेक जंतू तिथे अडकतात. किनाऱ्यालगतच्या वाळूत पावसाळ्यात हातभर खणले की पाणी लागते. तिथे शोषखड्डा म्हणजे विहिरीत उघडलेले गटार. जमिनीतले हे पाणी उताराने जाते ते व्हाळात, खाडीत आणि शेवटी पुळणीच्या खालून समुद्रात.

हे झाले नियमाने बांधलेल्याचे. पाणी नीट मुरत नाही म्हणून रात्री पंप लावून व्हाळात सोडणे, उपसलेल्या मैल्याचा टँकर शेतात किंवा खाडीत रिकामा करणे, हे प्रकार पर्यटनाच्या गावांत सगळीकडे ऐकू येतात. बाग्याच्या खाडीबद्दलही अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत.

आणि आता गुरुजींसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खाडीचे मुख ही मुलांना खेळायला सर्वांत आवडणारी जागा. तिथे लाटा नसतात, पाणी गुडघाभर, कोमट आणि संथ. आईबापांनाही वाटते की समुद्रापेक्षा हे बरे, पोर वाहून जायचे भय नाही. पण मैला घेऊन येणारे पाणी पहिल्यांदा उघड्यावर येते ते इथेच. कोणत्याही किनाऱ्यावर, मग तो बागा असो की आपल्या गावचा, व्हाळाच्या किंवा खाडीच्या तोंडाशी मुलांना बसवू नये. तिथून निदान तीन-चारशे पावले दूर, उघड्या पुळणीवर आणि जीवरक्षकांच्या झेंड्यांच्या आत उतरावे. ओहोटीला खाडी आपले पाणी बाहेर टाकते, भरतीला समुद्र आत येतो. म्हणून चढत्या भरतीचे पाणी त्यातल्या त्यात चांगले. भरतीची वेळ काढायला पंचांग पुरते. तिथीला पाऊणने गुणायचे, हा किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास. हिशेब ढोबळ आहे, पण सहलीपुरता चालतो. मोठा पाऊस पडून गेल्यावर मात्र दोन-तीन दिवस भरती असो की ओहोटी, पाण्यात उतरूच नये. पहिला पाऊस सगळ्या गटारांचा तळ धुऊन समुद्रात आणतो.

बहिणीच्या जळजळीचे कारण वेगळे आहे आणि ते समुद्रात नाही. ते आहे स्वच्छतागृहात, किंवा स्वच्छतागृह नसण्यात.

हंगामात एका दिवसाच्या सहलीहून परतलेल्या स्त्रिया माझ्याकडे लघवीची जळजळ, ओटीपोटात दुखणे, थंडी वाजून ताप अशा तक्रारी घेऊन येतात. मी पहिला प्रश्न विचारतो, दिवसभरात पाणी किती प्यायलात? उत्तर जवळजवळ नेहमीच तेच. मुद्दामच प्यायले नाही, जायचे कुठे? पहाटे चारला गाडी निघालेली, वाटेत एकदा थांबलेली, आणि मग संध्याकाळपर्यंत काही नाही. बाहेर ऊन, अंगातून घामाच्या धारा. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा, त्यामुळे बाहेरचे जंतू मूत्राशयात सहज पोहोचतात. लघवी वारंवार होत असेल तर ते धुऊन जातात. साठवून ठेवली तर मूत्राशयाच्या उबेत वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होत सुटतात. आठ तासांत काय होईल याचा हिशेब गुरुजींनी वर्गात घालावा. गरोदर बाईच्या बाबतीत हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती ओढवू शकतो. तिला अशी जळजळ झाली तर घरगुती उपाय करीत बसू नये, त्याच दिवशी लघवी तपासून घ्यावी.

एक बस म्हणजे पन्नास माणसे. त्यांत वीस-पंचवीस स्त्रिया. प्रत्येकीला तीन मिनिटे धरली आणि दोनच शौचकूप असले तर शेवटच्या बाईची पाळी अर्ध्या तासाने. वाहनतळावर अशा दहा बसगाड्या उभ्या असतात. त्यातून शौचकुपात पाणी नाही, कडी नाही, दिवा नाही. मग काही जणी जातात आडोशाला आणि बाकीच्या तोंड मिटून बसतात. पुरुषांचे काम भिंतीमागे होते. लहान मुलांना वाळूतच बसवतात, वरून पायाने वाळू लोटतात. अलीकडे भरलेले डायपर वाळूत पुरण्याचीही रीत पडली आहे. वर जो एका ग्रॅमचा हिशेब केला तो इथे आठवावा.

गोव्यात २०१९ साली पर्यटनस्थळांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन उघड्यावर स्वयंपाक करणे आणि दारू पिणे यांना बंदी आली. काचेच्या बाटल्या कमी होण्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण दंडाने बाटली थांबते, लघवी थांबत नाही. दंडाचा फलक मोठा आणि स्वच्छतागृहाकडे जाण्याचा बाण लहान, असे मी अनेक किनाऱ्यांवर पाहिले आहे. पर्यटक घाणेरडे असतात असे म्हणणे सोपे आहे. मला विचाराल तर ज्या गावाने दहा बसगाड्यांकडून वाहनतळाचे पैसे घेतले, त्याने पाचशे माणसांची सोय केली पाहिजे. शॅकवर आणि खानावळीत राबणाऱ्या पोरांचीही सोय त्यातच येते. एका खोलीत आठ-दहा जण आणि सगळ्यांना मिळून एक शौचकूप, तिथे साबण असेलच असे नाही. हीच मुले आपल्या पानात वाढतात. विषमज्वर बरा होऊनही काहींच्या मळातून त्याचे जंतू महिनोन्‌महिने जात राहतात.

मुलांना जुलाब झाले तर काय करावे हे या स्तंभाच्या वाचकांना ठाऊक आहे, तरी एकदा सांगतो. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. दुकानातील जलसंजीवनीची पुडी मिळाली तर त्याहून उत्तम. प्रत्येक जुलाबानंतर घोट घोट पाजत राहावे. उलटी झाली तरी दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने सुरू करावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नये. शौचातून रक्त, सहा-सात तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल मलूल, यांतले एकही दिसले तर दवाखाना गाठावा. जुलाब बंद करण्याच्या गोळ्या लहान मुलांना मनाने देऊ नयेत. सहलीनंतर दोन ते सहा आठवड्यांनी भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद पिवळी झाली तर ती कावीळ असू शकते. इतक्या दिवसांनी समुद्राची आठवण कोणाला होत नाही, म्हणून डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

काविळीवरून शिंपल्यांचे आठवले. तिसऱ्या, कालवे, शिनाणे ही मंडळी पाणी गाळून आपले अन्न मिळवतात. एकेक कालव तासाला काही लिटर पाणी गाळते आणि त्यातले विषाणू अंगात साठवते. चीनमधील शांघाय शहरात १९८८ साली दूषित शिंपल्यांमुळे काही आठवड्यांत सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली. तिथे ते अर्धेकच्चे खात. आपण शिजवून खातो हे आपले भाग्य, पण तिसऱ्यांनी तोंड उघडले की गॅस बंद करण्याची घाई काहीजण करतात. तोंड उघडल्यानंतरही चांगली उकळी फुटून दोन-तीन मिनिटे जाऊ द्यावीत. खाडीच्या ज्या भागात वस्तीचे सांडपाणी येते तिथल्या तिसऱ्या काढूच नयेत.

समुद्राच्या पाण्याने जखम बरी होते, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. स्वच्छ पाण्याच्या बाबतीतही ती पूर्ण खरी नाही, कारण व्हिब्रिओ जातीचे काही जंतू मूळचे समुद्रातलेच. मधुमेही आणि यकृताचे रुग्ण यांनी पायावर उघडी जखम असताना पाण्यात उतरू नये. कापले, मासळीचा काटा घुसला आणि काही तासांत पाय लाल होऊन सुजू लागला, फोड आले, तर रात्र काढू नये.

किनाऱ्यावर कुत्रीही फार. त्यांच्या विष्ठेतल्या अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या वाळूत जिवंत राहतात आणि अनवाणी पायातून किंवा उघड्या पाठीतून कातडीत शिरतात. मग कातडीखाली लाल, नागमोडी रेघ रोज थोडी थोडी पुढे सरकते आणि खाज सुटते. काही जण तिला नागीण समजून मंत्र घालायला नेतात. औषधाने ती थोड्या दिवसांत जाते. झोपायचे असेल तर वाळूवर चटई हवी, आणि शक्यतो भरतीच्या पाण्याने धुतलेली जागा निवडावी.

मे ते सप्टेंबरच्या दरम्यान गोवा-कोकणच्या किनाऱ्यांवर डांबराच्या गोळ्या येऊन पडतात. जहाजांतून वगैरे समुद्रात गेलेल्या तेलाचा हा अवशेष. अंगाला लागले तर रॉकेल किंवा पेट्रोलने पुसू नये, कातडी भाजते. खोबरेल तेल चोळून मग साबणाने धुवावे.

इथपर्यंत कळंगुटचे झाले. आता आपल्या घराकडे पाहू, कारण तिथे तीस-चाळीस वर्षांत जे झाले त्याची सुरुवात आपल्याकडे दिसू लागली आहे. चिपीचा विमानतळ २०२१ साली सुरू झाला, मोप्याचे उद्घाटन २०२२च्या डिसेंबरात झाले. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले या बाजूला घरटी दोन खोल्या पर्यटकांना देण्याची रीत रुळली आहे. चार पैसे गावात राहतात, मुले मुंबईला जायची थांबतात, याचा मला आनंदच आहे. म्हणून हे सांगतो ते भीती घालण्यासाठी नव्हे, हिशेबासाठी.

घरात पाच माणसे. प्रत्येकी दिवसाला १३५ लिटर पाणी हे सर्वसाधारण प्रमाण. वापरलेल्यातले ऐंशी टक्के सांडपाणी होते, म्हणजे सुमारे ५४० लिटर. पाच माणसांची टाकी हजार-अकराशे लिटरची असते, तेव्हा हे सगळे पाणी टाकीत सोडले तरी ते दोन दिवस थांबते आणि गाळ खाली बसतो. आता चार खोल्या भाड्याने दिल्या, प्रत्येकीत तीन पाहुणे. हॉटेलातील माणसाला १८० लिटरचा हिशेब धरतात. बारा जणांचे सांडपाणी १७०० लिटरच्या वर. एकूण झाले सव्वादोन हजार. टाकी तीच. आता पाणी तिथे अर्धा दिवसही थांबत नाही आणि न बसलेला मैला शोषखड्ड्यात, तिथून विहिरीच्या झऱ्यात. खोल्या बांधताना फरशी कोणती लावायची याचा विचार होतो, पण टाकी वाढवण्याचा विचार मी क्वचितच ऐकला आहे.

शोषखड्डा आणि विहीर यांत निदान पन्नास फूट अंतर हवे, आणि विहीर चढाच्या बाजूला हवी. मात्र आपला खड्डा मोजून भागत नाही. दहा गुंठ्यांच्या वाडीत आपली विहीर शेजाऱ्याच्या खड्ड्यापासून किती दूर आहे, हे टेप लावून पाहावे. त्यावरून भांडण होते हे मला माहीत आहे. अशाच एका वाडीत एका पावसाळ्यात लागोपाठ तीन घरांत कावीळ झाली. तिन्ही घरे एकाच विहिरीवर होती, आणि चौथ्या घराने त्याच वर्षी पाहुण्यांच्या खोल्या काढल्या होत्या. चौथे घर बाटलीचे पाणी पीत असे. पुढे चौघांनी मिळून टाकी वाढवली आणि खड्डा हलवला, तो पंचायतीच्या नोटिशीने नव्हे, एका वृद्ध काकींनी सगळ्यांना ओट्यावर बसवून घेतले म्हणून. जिथे पाणी फार वर आहे तिथे खड्ड्याचा तळ सिमेंटने बंद करून भोवती दीड-दोन फूट जाडीचे बारीक वाळूचे वेष्टन द्यावे, आणि खड्डा खोल न करता उथळ व रुंद ठेवावा. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. उपसणारा तो मैला कुठे नेतो, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

विहिरीचे पाणी ठीक आहे की नाही, याची सोपी चाचणी आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली ती प्रसिद्ध केली. औषध लावलेल्या छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवायचे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर मैल्याचा संशय धरावा. आरोग्य केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत या बाटल्यांची चौकशी करावी. हंगामाच्या आधी एकदा आणि पावसाळ्यात दोनदा चाचणी करावी.

पाणी काळे पडले तर खड्ड्याचा बंदोबस्त होईपर्यंत उकळून प्यावे आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकावी. पावडर मुठीने टाकतात, ती मोजून टाकली पाहिजे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने गुणावे, मग ३.१४ ने गुणून चारने भागावे. आले तितके हजार लिटर पाणी. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर सुमारे चौदा हजार लिटर, म्हणजे पस्तीस ग्रॅम. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवून, आणखी पाणी घालून पाच-दहा मिनिटे निवळू द्यावी. खालचा चुना टाकून द्यावा. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडावी आणि खालीवर हिसके द्यावेत. हे रात्री शेवटची घागर भरून झाल्यावर करावे, म्हणजे सकाळपर्यंत औषधाला वेळ मिळतो. निदान एक तास तरी पाणी काढू नये. पावडरीचा डबा उघडा राहिला की तिच्यातला क्लोरीन उडून जातो, म्हणून घेताना वास तिखट आहे ना ते पाहावे आणि उरलेली घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.